हलगी दारात, सलोखा व्यासपीठावर

बीड जिल्ह्यात कलेतून सलोखा घडवायला निघालेल्या संस्थांना आणि त्यांना पैसे पुरवणाऱ्यांना माझा पहिला प्रश्न तारखेचा आहे. तुमचे महोत्सव डिसेंबर ते फेब्रुवारीतच का असतात? हवा चांगली असते, पाहुण्यांना ऊन सोसत नाही आणि मार्चअखेर निधी संपवायचा असतो. ही तुमची सोय झाली. पण नेमक्या त्याच महिन्यांत या जिल्ह्यातली लाखो माणसे जिल्ह्यात नसतात. दसरा-दिवाळी उरकली की धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, केजच्या वाड्या-तांड्यांवरून ट्रक आणि ट्रॅक्टर भरभरून ऊसतोडीला निघतात, ते सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर, पार बेळगावपर्यंत. कारखान्यांचा पट्टा पडतो, म्हणजे हंगाम संपतो, मार्च-एप्रिलात. तोवर गावात म्हातारी माणसे आणि शाळेसाठी मागे ठेवलेली पोरे. प्रस्तावाच्या पहिल्या पानावर ज्यांचा ‘वंचित घटक’ म्हणून उल्लेख करून तुम्ही पैसे आणता, ती माणसे कार्यक्रमाच्या दिवशी कुठल्यातरी फडात मोळ्या बांधत असतात. त्यांच्या नावाने आणायचे आणि त्यांच्या माघारी खर्चायचे, याला माझ्याकडे एकच शब्द आहे: चोरी.

असा एक कार्यक्रम मी शेवटपर्यंत बसून पाहिला आहे. व्यासपीठामागे भिंतीएवढा झगझगीत पडदा, त्यावर फेटे बांधलेल्या हसऱ्या माणसांची चित्रे आणि ‘विविधतेत एकता’. मंडपाच्या दारात चार हलगीवाले. पाहुण्यांची वेळ संध्याकाळची होती, ते आले रात्री. तोवर कोणतीही मोठी गाडी वळली की संयोजकांचा पोरगा हात वर करायचा, हे वाजवू लागायचे. गाडीतून भलताच कोणी उतरला की हात खाली, वाजवणे बंद. थंडीत हलगीचे कातडे सैल पडते, आवाज बसतो, म्हणून ती जाळावर शेकावी लागते. त्यांच्यातल्या एका पोराने गाड्या लावल्या होत्या तिथे भिंतीच्या कडेला कागद आणि काटक्या पेटवून हलगी धरली, तर पहारेकऱ्याने येऊन पायाने जाळ विझवला. मग त्यांनी रात्रभर बसलेल्या आवाजातच वाजवले. आत व्यासपीठावर मोठ्या शहरातून आणलेला नृत्यसंच हलगीच्या तालावर नाचला. ती हलगी ध्वनिमुद्रित होती. दारातल्या चौघांना आत बोलवावे, त्या नाचाला त्यांनी साथ करावी, हे एवढ्या मोठ्या संयोजन समितीत एकालाही सुचले नाही. आभारप्रदर्शनात मंडपवाल्याचे नाव आले, विजेवाल्याचे आले. यांचे आले नाही.

हलगी कोणाच्या हातात असते हे बीडमध्ये कोणाला सांगावे लागत नाही. जुन्या गावकीने वाजवणाऱ्याला मिरवणुकीच्या पुढे घेतले आणि देवळाच्या पायरीखाली थांबवले. तुम्ही त्याला स्वागताला घेतले आणि मंडपाच्या दारात थांबवले. यात बदलले काय? वर हे सगळे सर्वसमावेशकतेच्या नावाखाली.

हे मी एवढ्या चिडून लिहितो, कारण या जिल्ह्याला सलोख्याची खरोखर गरज आहे. ३० ऑक्टोबर २०२३ रोजी मराठा आरक्षणाच्या आंदोलनात माजलगाव आणि बीड पेटताना राज्याने पाहिले. लोकप्रतिनिधींची घरे जाळली गेली. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीचा निकाल साडेसहा हजार मतांनी लागला आणि त्यानंतर काही गावांत कोणाच्या दुकानातून माल घ्यायचा आणि कोणाच्या नाही, याच्या शपथा घेतल्या जाऊ लागल्या. त्याच वर्षीच्या दसऱ्याला, १२ ऑक्टोबरला, एका मेळाव्याला माणसे नारायणगडावर गेली आणि दुसऱ्याला सावरगाव घाटच्या भगवान भक्तिगडावर. एकाच जिल्ह्यात, एकाच दिवशी, दोन वाटांनी. दोन्ही ठिकाणे संतांच्या नावाची. ९ डिसेंबर २०२४ रोजी मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा खून झाला. पवनचक्की कंपनीच्या आवारात पहारेकऱ्याला मारहाण झाली म्हणून हा माणूस मध्ये पडला होता. मार खाणाऱ्याची जात कोणती हे त्याने विचारले नव्हते. पण खुनानंतर जिल्हाभर चर्चा झाली ती जातीचीच. पुढे २०२५ मध्ये बीडच्या पोलिसांच्या छातीवरच्या पट्ट्यांवरून आडनावे काढावी लागली. पोलीस अधीक्षक नवनीत काँवत यांचा तो निर्णय मला पटतो. पण ज्या जिल्ह्यात हवालदाराचे आडनाव वाचून माणूस तक्रार सांगायची की गिळायची ते ठरवतो, त्या जिल्ह्यात वर्षातून एका रात्रीचे लोकनृत्य काय करणार?

काहीच करणार नाही. कार्यक्रम माणसांना शेजारी बसवतो, तेही खुर्च्या असतील तेवढ्यांना. माणसे एकमेकांना बांधली जातात तालमीत. पखवाजवाला उशिरा आला तर भजन अडते. नाटकातल्या राजाला आपले वाक्य आठवत नाही तेव्हा शिपाई झालेला पोरगा हळूच सांगतो, आणि दुसऱ्या दिवशी तेच दोघे बाजारात समोरासमोर आले की नजर चुकवणे जड जाते. दोन महिने रोज रात्री एका खोलीत घासाघीस केलेल्या माणसांना एकमेकांच्या दुकानावर बहिष्कार टाकायला जीभ रेटावी लागते. हे काम महोत्सवाच्या अंदाजपत्रकात बसत नाही, कारण तालमीचे छायाचित्र चांगले येत नाही आणि तिचे उद्घाटन करता येत नाही.

महाराष्ट्राला हे नवे नाही. राष्ट्र सेवा दलाचे कलापथक डोळ्यांसमोर आणा. प्राध्यापक आणि कवी असलेले वसंत बापट, पुण्यात माळीकाम करणारे निळू फुले, केशकर्तनाचा पिढीजात धंदा असलेल्या घरातले राम नगरकर, गिरणगावातले दादा कोंडके. यांना कोणी समावेशनाचे लाभार्थी म्हणून आणले नव्हते. ते तालमीला आले, गावोगाव हिंडले, एका पंगतीत जेवले आणि त्यांतले काही पुढे मराठी रंगभूमीचे धनी झाले. त्याच सेवा दलाच्या संस्कारातले द्वारकादास आणि शैला लोहिया यांनी १९८२ साली आपल्या अंबाजोगाईत मानवलोक ही संस्था उभी केली. शैलाताईंनी मनस्विनी प्रकल्पातून बायकांसाठी काम केले आणि बायकांच्याच लोकगीतांचा अभ्यासही केला. संघटन आणि गाणे ही त्यांच्या लेखी दोन खाती नव्हती. मुकुंदराज आणि दासोपंतांच्या गावात हे घडले. आपल्याला परदेशातून नमुने आणायची गरज काय?

मात्र कोणी यावरून ‘पूर्वी गावात किती गुण्यागोविंदाने राहायचे’ हे सुरू करणार असेल तर त्यालाही मी गप्प करीन. पूर्वी सप्ताहाच्या पंगती वेगळ्या बसत. बाईला वीणा धरू देत नसत. जत्रेतल्या नाटकात बाईचे काम पुरुष करायचा आणि खरी बाई दूर अंधारात बसून बघायची. तो सलोखा नव्हता, ती खालच्यांची मुकाट सोसणूक होती.

ज्यांना गावकीने बाहेर ठेवले त्यांनी आपली कला आपण उभी केली, आणि ती या जिल्ह्याची सर्वांत मोठी ठेव आहे. माजलगावचे भीमनगर घ्या. १९९६ साली हेमा राईरकर, गी पॉइतव्हाँ आणि बर्नार्ड बेल यांनी तिथल्या बायांच्या जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. वाल्हाबाई टाकणखार, राधाबाई बोऱ्हाडे अशा, आयुष्य मजुरीत काढलेल्या बाया. ओवीचा साचा तोच, जो शेजारच्या आळीतली पाटलीण लेकीसाठी आणि भावासाठी वापरायची. यांनी त्यात बाबासाहेब आणले, रमाई आणली, बुद्ध आणला, शाळा आणली. महाराष्ट्रभरातून हजारावर गावांतल्या बायकांच्या एक लाखाहून जास्त ओव्या या मंडळींनी जमवल्या. ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहाने हा सगळा ठेवा आपल्याकडे घेतला आणि २०१७ मध्ये भीमनगरच्या ओव्या लोकांपुढे पुन्हा आणल्या. जगाच्या कोणत्याही कोपऱ्यात बसलेला माणूस आज त्या ऐकू शकतो. माजलगाव तालुक्यातल्या किती शाळांनी त्या ऐकवल्या? किती महिला दिनांना त्या वाजल्या? महिला दिनाला इथे संगीत खुर्ची होते आणि उखाण्यांना पैठणी मिळते. ओवी रचणारी बाई तिथे प्रेक्षकांतही नसते, तिला निमंत्रणच जात नाही.

आता ‘मनःस्वास्थ्य’ हा शब्द निघाला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१९ मध्ये तीन हजारांहून जास्त अभ्यास तपासून कला आणि आरोग्याचा संबंध मांडला. आपल्याकडच्या सल्लागारांच्या हाती जणू घबाड लागले, आणि आता प्रत्येक प्रस्तावात गाण्याने ताण हलका होतो. होतोही. पण कोणाचा ताण, कशाचा ताण, हे विचाराल की नाही? त्याच २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या समितीसमोर बीडच्या ऊसतोड बायकांचे सर्वेक्षण आले. पाहणी झालेल्या ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजारांहून अधिक बायकांच्या गर्भपिशव्या काढलेल्या होत्या. कितीतरी जणी तिशी-पस्तिशीच्या. पाळीत खाडा पडला की दंड, तळावर आडोसा नाही, पाणी नाही, आणि अंगावरून जाते म्हणून दवाखान्यात गेले की पिशवी काढा हा सल्ला. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटत नाही तोवर पुढचा हंगाम ठरलेला. या बाईला तुम्ही एका दुपारी गोल करून बसवणार, टाळ्या वाजवायला लावणार आणि अहवालात लिहिणार की सहभागींचे मनोबल वाढले? आधी तिला तळावर आडोसा आणि पाणी द्या, खाड्याचा दंड बंद करा. गाणे ती तुमच्याआधीपासून गाते आहे. रात्री गाडी भरताना गाते, कोपीत पोराला निजवताना गाते. तिच्याकडे कमी आहे ती विसाव्याची वेळ, बसायची जागा आणि कान देणारी माणसे. कलासंस्थांनी द्यावे ते हे.

आणि कलावंताच्या पैशाचेही बोलू. राज्य सरकारची ज्येष्ठ कलावंतांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची मानधन योजना आहे, महिना ५,००० रुपयांची. योजना चांगली आहे, रक्कम वाढवली तेही चांगले केले. पण अर्जाला कलासेवेचे पुरावे लागतात. आराधीणबाईकडे कसले प्रमाणपत्र? परडी आणि झांज हाच तिचा पुरावा. गोंधळी, वासुदेव, मसणजोगी, बहुरूपी यांच्याकडे वर्तमानपत्राची कात्रणे नसतात, कारण त्यांच्यावर कोणी लिहिलेच नाही. मग एखाद्या पुढाऱ्याच्या मागे फिरून दाखला मिळवावा लागतो, आणि ज्याला गाठ घालून देणारा कोणी नाही तो मागे राहतो. इथे कलासंस्थांना खरे काम आहे. वाडीवाडीवर जा, म्हाताऱ्या कलावंतांचे आवाज नोंदवा, तोच पुरावा मानायला प्रशासनाला भाग पाडा, अर्ज भरून द्या, कचेरीत सोबत उभे राहा. हे करायला रोषणाईचा पडदा लागत नाही. म्हणूनच बहुधा कोणी करत नाही.

माझे म्हणणे असे नाही की पैसा नको. पैसा हवा, पण गावात हवा आणि बारा महिने हवा. बहुतेक गावांत समाजमंदिर आहे आणि बहुतेक समाजमंदिरे कुलूपबंद आहेत किंवा कोणा एका समाजाच्या ताब्यात आहेत. ती उघडून रोज संध्याकाळी तालमीची खोली करा. तिथे भजन होईल, भीमगीत होईल, कव्वाली होईल, नाटकही होईल. एप्रिलात मजूर परतले की मोठी तालीम धरा, त्यांना दिवसाची मजुरी बुडेल तेवढे पैसे द्या आणि पोळ्याच्या आसपास खेळ लावा, ट्रक निघायच्या आत. मंडळीत एकाच आळीची माणसे असतील तर निधी देऊ नका. आणि हलगीवाला मंडळीत असेल तर त्याने हलगीच वाजवली पाहिजे हा हट्टही नको. त्याला राजा होऊ द्या, पाटलाच्या पोराला हलगी शिकू द्या. ती शिकवायचे मानधन त्या हलगीवाल्याला मिळू द्या. हंगामी वसतिगृहात मागे राहिलेल्या पोरांना सहा महिने रात्र खायला उठते. तिथे गावातलाच पेटीवाला, तिथलीच ओवीवाली म्हातारी रोज तासभर येतील आणि त्यांना महिन्याला ठरलेले पैसे मिळतील, एवढे तरी करता येईल की नाही? जिल्ह्याच्या एका महोत्सवाचा मंडप, पडदा आणि पाहुण्यांचा प्रवास वाचवला तर कितीतरी गावांचे वर्ष निघेल.

या मागण्या मी आमच्या ग्रामसभेत लेखी ठरावाच्या रूपात ठेवणार आहे. पहिली, समाजमंदिराची किल्ली ग्रामपंचायतीकडे आणि वापराची वही सर्वांना पाहायला खुली. दुसरी, गावाच्या नावावर होणाऱ्या प्रत्येक सांस्कृतिक कार्यक्रमाचा खर्च फलकावर, कोणत्या कलावंताला किती दिले यासकट. कोणाला विरोध करायचा असेल त्याने तिथे सगळ्यांदेखत उठून, आपले नाव सांगून करावा.