औषध होते, गिऱ्हाईक नव्हते
काँगोच्या खेड्यांत त्से-त्से माशीच्या चाव्यातून होणारा निद्रारोग अखेर मेंदूत शिरतो. रुग्ण दिवसा झोपतो, रात्री तळमळतो, बरळतो आणि उपचार न झाल्यास बहुधा दगावतो. या टप्प्यावर १९४९ पासून मेलार्सोप्रोल देत. आर्सेनिकपासून केलेले हे औषध शीर जाळत जाई आणि शंभरातले पाचेक रुग्ण औषधानेच मरत. तरीही अर्धशतक तेच चालले. कर्करोगासाठी शोधलेले एफ्लॉर्निथिन या रोगावर कितीतरी सुरक्षित ठरले, १९९० मध्ये त्याला अमेरिकेत मान्यताही मिळाली. पण ते घेणाऱ्यांच्या खिशात पैसे नव्हते, म्हणून काही वर्षांतच उत्पादन थांबले. पुढे तेच रसायन बायकांच्या चेहऱ्यावरील केस कमी करणाऱ्या मलमात बाजारात आले. डॉक्टरांच्या ‘मेदसाँ साँ फ्राँतिएर’सारख्या संघटनांनी आवाज उठवल्यावर २००१ मध्ये ते बनवणाऱ्या कंपनीने ते जागतिक आरोग्य संघटनेमार्फत फुकट देण्याचे मान्य केले. विज्ञान कमी पडले नव्हते, हे यातून स्वच्छ दिसते.

कंपन्या धर्मादाय संस्था नाहीत, भागधारकांना त्यांनी काय सांगावे, असा प्रश्न येतो. तो रास्त आहे, आणि म्हणूनच गरिबांच्या औषधांचा निर्णय त्यांच्यावर सोपवता येत नाही. पेटंट हे संशोधनाचे बक्षीस खरे, पण ते ग्राहकाच्या खिशातून येते. खिसाच रिकामा असेल तर पेटंट काय कामाचे? दानावरही विसंबता येत नाही, कारण देणाऱ्याचे मन कधीही बदलू शकते. दुसरी वाट आहे. २००३ मध्ये स्थापन झालेल्या ‘डीएनडीआय’ या दुर्लक्षित रोगांवर औषधे शोधणाऱ्या संस्थेने (आपली वैद्यकीय संशोधन परिषद, आयसीएमआर, तिच्या संस्थापकांपैकी एक) सरकारी आणि देणग्यांच्या पैशातून, कधीच बासनात गुंडाळलेले फेक्सिनिडॅझोल हे औषध निद्रारोगासाठी पुन्हा बाहेर काढले. २०१८ मध्ये युरोपीय नियामकाने त्याला अनुकूल मत दिले. शिरेतल्या सुयांऐवजी दहा दिवस गोळ्या! ते बनवते खासगी कंपनीच. पण कशावर औषध हवे, हे तिने ठरवले नाही.

आता वर्षाला हजाराहूनही कमी रुग्ण नोंदले जातात, मग खर्च कशाला, असेही विचारतील. १९६० च्या दशकात हा रोग असाच आटोक्यात आला होता. तपासणी ढिली पडली आणि १९९८ पर्यंत नोंदलेले रुग्ण चाळीस हजारांच्या घरात गेले. म्हणून भारतासारख्या देशांनी अशा संशोधनासाठी अंदाजपत्रकात कायमची तरतूद करावी, आणि पैसा देतानाच किंमत व अखंड पुरवठा या अटी करारात लिहून घ्याव्यात.