शीड उतरवले, फळी ठेवली

गेल्या दिवाळीनंतर अडुसष्ट वर्षांचे एक काका दवाखान्यात आले. तक्रार कोणतीच नव्हती; त्यांना परवानगी हवी होती. नोकरीनिमित्त गोव्यात असताना, सुमारे चाळीस वर्षांपूर्वी, त्यांनी एका परदेशी प्रवाशाकडून विंडसर्फिंगची प्लास्टिकची फळी विकत घेतली होती. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये या खेळाचा प्रथम समावेश झाला, त्या सुमाराची ती फळी. शीड केव्हाच विरून गेले होते. फळी मात्र पडवीत तशीच होती. ती दुरुस्त करून, शिडाविना, नुसत्या वल्ह्याने कर्ली खाडीत फिरावे, अशी काकांची इच्छा होती. रक्तदाबाची गोळी, प्रोस्टेटची गोळी आणि उजव्या गुडघ्याचे दुखणे एवढा त्यांचा संसार. मी कागदावरून मानही वर न करता म्हणालो, “काका, या वयात कशाला? पडलात तर?”

तीन महिन्यांनी सूनबाई त्यांना घेऊन आल्या. “डॉक्टर, तुम्ही नको म्हणालात तेव्हापासून बाबा कुठेच जात नाहीत,” त्या म्हणाल्या. माझा तो एक नकार घरातील प्रत्येक गोष्टीला लागू झाला होता. जिना नको, बाजार नको, संध्याकाळची फेरीही नको. हात छातीशी बांधून खुर्चीतून तीस सेकंदांत किती वेळा उठता येते, ते मी मोजले. या वयाच्या पुरुषाला निदान बारा वेळा उठता यावे. काका आठव्या वेळी थांबले.

मनाई हेही एक औषध आहे आणि त्यालाही दुष्परिणाम असतात, हे मी त्या दिवशी नव्याने शिकलो. निरोगी वृद्धांना केवळ दहा दिवस अंथरुणात ठेवले असता त्यांच्या पायांतील सुमारे एक किलो स्नायू घटल्याचे संशोधनात आढळले आहे. काका अंथरुणावर नव्हते, खुर्चीत होते. पण दिशा तीच होती. मी माझा सल्ला मागे घेतला. मात्र फळी आणि शरीर दोन्ही तपासल्याशिवाय पाण्यात उतरायचे नाही, असे ठरले.

आधी फळी. तिच्या तळाला बोटभर लांबीची चीर होती. अशा फळ्यांचे बाहेरचे कवच पॉलिइथिलीनचे आणि आत फोम असतो. चिरेतून पाणी शिरले की फोम ते धरून ठेवतो. वजनकाट्यावर फळी सव्वीस किलो भरली. चिरेजवळ भोक पाडून ती सावलीत तिरकी उभी केली. पाच आठवड्यांनी वजन एकवीस किलोवर आले. या प्लास्टिकला एपॉक्सी किंवा गोंद नीट धरत नाही, त्यावर वेल्डिंगच करावे लागते. पाण्याच्या टाक्या दुरुस्त करणाऱ्या कारागिराने त्याच जातीच्या प्लास्टिकची सळई वितळवून चीर आणि भोक बुजवले. हे काम उघड्यावर, वाऱ्याच्या बाजूला उभे राहूनच करून घ्यावे. आतला फोम जळाला तर निघणारा धूर विषारी असतो. दमा किंवा हृदयविकार असलेल्यांनी तिथे थांबूही नये.

मधल्या पात्याची खाच फोमच्या ठोकळ्याने बुजवली. नाहीतर तिच्यातून पाणी वर उसळते आणि पाऊलही अडकते. डोलकाठीच्या बैठकीचे लोखंड काढून ती जागा सपाट केली. मागचे छोटे पाते मात्र ठेवले, कारण त्यानेच फळी सरळ जाते. गुळगुळीत झालेल्या पृष्ठभागावर फोमची चटई लावली. तिच्या कडा सुटतात, म्हणून दर वेळी त्या तपासायच्या. एक मर्यादा उरलीच. वल्ह्यासाठी बनवलेल्या आजच्या फळ्या बहुधा अडीच फुटांहून रुंद असतात. काकांची जेमतेम सव्वादोन फूट. म्हणजे ती अधिक डुलणार. तेव्हा बसून किंवा गुडघ्यांवर राहून वल्हवायचे. उभे राहणे ही पुढची गोष्ट.

फळी वाळत होती त्या आठवड्यांत काकांचे व्यायाम सुरू होते. खुर्चीतून उठणे, ओट्याला धरून टाचा उचलणे, भिंतीजवळ एका पायावर उभे राहणे. रक्तदाब बसून आणि उभे राहून, दोन्ही वेळा मोजला. रक्तदाबाच्या व प्रोस्टेटच्या काही गोळ्यांमुळे एकदम उठल्यावर चक्कर येते. पाण्यावर ती महागात पडते. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांना डोक्याचा लहानसा मारही धोक्याचा ठरू शकतो. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या असतील तर रिकाम्या पोटी जाऊ नये. छातीत दुखणे, फेफरे किंवा वारंवार भोवळ असेल, तर हा नाद सोडावा, असेच मी सांगेन.

एप्रिलमध्ये काका पाण्यात उतरले. मुलगा होडीतून सोबत होता, काकांच्या अंगात जीवरक्षक जाकीट होते. तिसऱ्या दिवशी ते न सांगता उभे राहिले आणि पडले. पाणी छातीएवढे होते, खाली खडक नव्हता. खोकत, हसत वर आले. मुलगा मात्र पांढराफटक पडला होता. त्या संध्याकाळी तो मला म्हणाला, “डॉक्टर, आता तरी बंद करा म्हणून सांगा ना.” मी बंद करा म्हटले नाही, उभे राहण्याचा बेत पुढे ढकलला.

घरच्यांसाठी चार गोष्टी. एकट्याने पाठवू नये, आणि जाकीट पोहता येणाऱ्यानेही घालावे. ओहोटी लागलेली असताना खाडीच्या मुखाकडे जाऊ नये. सकाळचा मतलई वाराही जमिनीकडून समुद्राकडेच ढकलतो. वाहत्या पाण्यात फळीची दोरी घोट्याला बांधू नये, ती अडकू शकते. कमरेला झटकन सुटणारी असावी. आणि फळी उचलायला दोघे असावेत, कारण कंबर पाण्यापेक्षा किनाऱ्यावरच अधिक वेळा धरते.

मे अखेरीस फळी पुन्हा पडवीत गेली. पावसाळ्यात खाडीत जायचे नाही, हे काकांनाच अधिक ठाऊक. व्यायाम मात्र चालू आहेत. गेल्या आठवड्यात मी पुन्हा मोजले, तीस सेकंदांत चौदा वेळा. काका विचारत होते, “नारळी पौर्णिमेनंतर उभा राहू का?” मी म्हणालो, “आधी एका पायावर दहा सेकंद उभे राहून दाखवा, मग बोलू.”