चेहऱ्यावरचं चांदणं

चोराच्या मनात चांदणं असतं, इथवर ठीक; ते चेहऱ्यावर उमटतं हा समज मात्र घातक. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा, रविवारचा आठवडे बाजार. मंगळवेढ्याकडून आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने मुलं पळवणारे ठरवलं आणि ठेचून मारलं. दोष व्हॉट्सॲपवरच्या अफवेचा, असं म्हणून आपण मोकळे होतो. पण ‘तेच हे’ असा निवाडा मोबाइल देत नाही, बघणाऱ्याचे डोळे देतात. परका चेहरा, परकी बोली, वर उडालेली गाळण, झालं! गर्दीने घेरलेला निर्दोष माणूसही अडखळतो, घामाघूम होतो, कारण भीती आणि अपराध यांची लक्षणं दिसायला सारखीच. मानसशास्त्रज्ञ चार्ल्स बाँड आणि बेला डीपॉलो यांनी २००६ मध्ये २४ हजारांहून अधिक लोकांचे निवाडे एकत्र तपासले, तेव्हा खरं-खोटं ओळखण्याचं सरासरी यश निघालं ५४ टक्के. नाणं उडवलं तरी पन्नास मिळतात. कुणी म्हणेल, सामान्यांचं सोडा, मुरलेला फौजदार बरोबर ओळखतो. त्याच पाहणीत असे अनुभवी लोकही इतरांपेक्षा सरस ठरले नाहीत. चांगला तपास होतो तो चेहरा सोडून तपशील ताडून पाहिल्याने: गाव कोणतं, ओळखीचं कोण. राईनपाड्यातून मंगळवेढ्याला एक फोन लावला असता, तर ते पाच जण कोण हे कळलं असतं.