जुना ट्रक घेताना मीटर नको, इंजिनाचे तास मोजा



गळीत हंगाम संपला, बिलाचे पैसे हाती आले, की आपल्या भागातील तरुण मंडळींना ट्रकचे वेध लागतात. यात वावगे काही नाही. ऊस आपला, कारखाना आपला, मग वाहतूक आपल्याच पोरांनी का करू नये? नवा ट्रक आवाक्याबाहेरचा, म्हणून जुना शोधायचा. आणि जुना म्हटला की नजर मुंबईकडे वळते. कुणाचा मेहुणा मीरा रोडला असतो, कुणाचा चुलतभाऊ भाईंदरला. तो फोन करतो, "दाजी, काशिमीऱ्याला एक गाडी आहे. एकच मालक, मीटरवर फार तर लाखभर किलोमीटर. लवकर या, नाहीतर जाईल." लागलीच दोन दिवसांत विसार दिला जातो.

मीटरवर लाखभरच आहे, ही गोष्ट भूषणाची समजली जाते. प्रस्तुत लेखकाच्या मते ती काळजीची आहे.

मीरा-भाईंदरच्या बाजूला जे जाऊन आले त्यांना तिथली वाहतूक सांगायला नको. मुंबई-अहमदाबाद महामार्ग आणि ठाण्याकडून येणारा घोडबंदर रस्ता वर्सोवा पुलाच्या अलीकडे एकत्र येतात. एका बाजूला दहिसरचा नाका, दुसऱ्या बाजूला वसईची खाडी, तिकडे ठाण्याच्या वाटेवर गायमुखचा चढ. खाडीवर २०२३ मध्ये नवा पूल सुरू झाला, तरी कोंडी सुटली असे कुणी म्हणणार नाही. अशा ठिकाणी रेती, खडी, राडारोडा वाहणारी गाडी दिवसभर चालूच असते, पण पुढे सरकते थोडी.

आता हिशेब करून बघा. समजा एक गाडी रोज ६० किलोमीटर चालली आणि तिचे इंजिन रोज १० तास सुरू राहिले. वर्षाला ३०० दिवस धरले तर सहा वर्षांत मीटरवर १ लाख ८ हजार किलोमीटर दिसतील. इंजिन मात्र १८ हजार तास फिरलेले असेल. हेच १८ हजार तास एखादी गाडी मोकळ्या रस्त्याने ताशी ४० च्या हिशेबाने चालली असती, तर मीटरवर ७ लाख २० हजार आले असते. सात लाखांची गाडी कुणी दाखवली तर आपण पाठ फिरवू. तीच गाडी 'लाखभर चाललेली' म्हणून आपण हसत घेतो! त्यात ऑइल किलोमीटर पाहून बदलायची सवय असेल, तर आणखी वाईट. मीटर सरकत नाही म्हणून ऑइल बदलले जात नाही, आणि तेच काळे पडलेले ऑइल बेअरिंगमधून फिरत राहते. डंपर किंवा काँक्रीट मिक्सरची चेसिस असेल तर विचारूच नका. हौदा उचलायला आणि ड्रम फिरवायला गाडी उभी असतानाही इंजिनच राबते.

याउलट नाशिकहून दक्षिणेकडे कांदा नेणारी, मीटरवर पाच लाख दाखवणारी, पण ऑइल-फिल्टरची बिले जपून ठेवलेल्या मालकाची गाडी अनेकदा उजवी ठरते. ऐकायला उलटे वाटेल, पण ते खरे आहे.

तास कसे समजायचे? इंजिनाला कॉम्प्युटर असलेल्या पुष्कळ गाड्यांमध्ये चाललेल्या तासांची नोंद राहते. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये स्कॅनर लावून ती पाहता येते. मालक स्कॅनर लावू देत नसेल तर तिथून निघावे. जुन्या धाटणीच्या गाडीत ही सोय नाही. तिथे क्लचच्या पेडलचे रबर पाहा. पेडल झिजून गुळगुळीत आणि मीटर लाखाच्या आत, तर दोहोंपैकी एक जण खोटे बोलतो आहे, आणि पेडल कधी खोटे बोलत नाही.

टाटा चांगला की लेलँड, हा वाद आपल्या पारावर जुना आहे. १९५४ साली टाटांनी जर्मनीच्या डेमलर-बेंझशी करार करून ट्रक बांधायला सुरुवात केली. तो करार १९६९ मध्ये संपला, तरी जुन्या ड्रायव्हरांच्या तोंडचे 'बेंझ' काही सुटले नाही. लेलँडवाले हिनोच्या इंजिनाचे गुण गातात. कमिन्सच्या इंजिनाला मानणारेही आहेत. किर्लोस्कर कमिन्स १९६२ पासून पुण्याचीच, म्हणून थोडा अभिमानही असतो. प्रस्तुत लेखकाला या वादात रस नाही. इंजिन नव्याने कुणी बांधले यापेक्षा ते पुन्हा कुणी उघडले, हे जास्त महत्त्वाचे. लायनर-पिस्टन कधी बदलले, हाफ इंजिन झाले की फुल, क्रँक ग्राइंड झाला आहे का, बिल आहे का? 'नुकतेच इंजिन केले आहे' एवढ्या शब्दावर एक रुपयाही जास्त देऊ नये.

दुसरा मुद्दा ज्याच्या त्याच्या गावाचा आहे. शेवटचे बीएस-३ ट्रक ३१ मार्च २०१७ पर्यंत विकले गेले. त्यानंतर बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आले. जुन्या पंपाच्या इंजिनाचा काही बिघाड झाला तर तालुक्याच्या ठिकाणचा फिटर रात्रीतून गाडी उभी करतो. नंतरच्या गाड्या डिझेल कमी खातात, धूर कमी करतात, पण त्यांना स्कॅनर लागतो, कित्येकांना युरियाचे पाणी लागते, आणि बीएस-६ ला सायलेन्सरमधली काजळीची जाळी साफ राहावी लागते. ही जाळी मोकळ्या रस्त्यावर गाडी तापली की आपोआप साफ होते, रांगेत खोळंबणाऱ्या गाडीत तुंबते. म्हणजे पुन्हा मीरा-भाईंदरच्या गाडीचा प्रश्न आलाच! शिवाय आपल्याकडे शेतावर बॅरलमधले डिझेल ओतायची पद्धत आहे. कॉमन रेलच्या इंजेक्टरला त्यातला कचरा आणि पाणी मुळीच चालत नाही. सबब, ज्याच्या गावापासून कंपनीचे वर्कशॉप शंभर किलोमीटर लांब आहे, त्याने नवीन धाटणीच्या जुन्या गाडीच्या नादी लागू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. मात्र बीएस-३ च्या सर्वांत अलीकडच्या गाडीलाही २०३२ मध्ये पंधरा वर्षे होतील, आणि आठ वर्षांपुढील गाडीला दरवर्षी फिटनेस घ्यावा लागतो, हेही ध्यानात असू द्यावे.

प्रत्यक्ष पाहणीला सकाळी लवकर जावे, आणि 'गाडी चालू करून ठेवू नका' असे आदल्या दिवशीच बजावून सांगावे. बॉनेटला हात लावून इंजिन गार आहे ना, ते पाहावे. तापवून ठेवलेले इंजिन कुणाचेही चटकन चालू होते. चालू झाल्यावर ऑइल भरायचे झाकण काढा. तिथून भपाभप वाफ आणि धूर आला तर इंजिन बॅक कॉम्प्रेशन मारते आहे, रिंगा गेल्या आहेत. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. काळा म्हणजे डिझेल जादा किंवा हवा कमी. पांढरा थांबतच नसेल तर पाणी आत जात असण्याची शक्यता. रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग, किंवा डिपस्टिकवर दुधाळ ऑइल दिसले, तर चहा घेऊन परत यावे.

एवढ्यावर भागत नाही. आवाज आणि धूर दाबण्यासाठी विक्रीच्या आधी घट्ट ऑइल भरणारे महाभाग असतात. म्हणून गाडी भरलेली चालवून पाहिलीच पाहिजे. रिकामी गाडी बैलाशिवाय पळणाऱ्या गाडीसारखी, तिची परीक्षा ती काय! काशिमीऱ्याहून ठाण्याकडे जाताना गायमुखचा चढ आयताच आहे. अवजड गाड्यांच्या वेळा विचारून घ्याव्यात आणि माल भरून तो चढ चढवावा. वर पोचल्यावर गाडी उभी करून ऑइल प्रेशरचा काटा पाहावा. तापलेल्या इंजिनाचा काटा संथ चालीवर खाली बसला, तर बेअरिंगचे काम समोर उभे आहे. (खाडीची खारी हवा चेसिसला खाते. तेवढे खाली वाकून पाहायला विसरू नका.)

कागदपत्रांचे सर्वांना माहीत आहे: इंजिन आणि चेसिस नंबर आरसी बुकाशी जुळवणे, फॉर्म २९ व ३०, दुसऱ्या आरटीओसाठी फॉर्म २८ चा ना-हरकत दाखला, बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५, आणि थकीत चलने.

भावाबद्दल आमचे म्हणणे थोडे कडक आहे. इंजिन गेलेलेच आहे असे धरून भाव करावा. फिटरकडून फुल इंजिनच्या खर्चाचा लेखी अंदाज घ्यावा, तेवढी रक्कम किमतीतून वजा मागावी, आणि ती वेगळी ठेवावी. विकणारा रागावेल, रागावू द्या. जून-जुलैत घेतलेल्या गाडीचे काम ऑगस्टमध्ये ओळखीच्या हाताखाली निवांत होते. दसऱ्याला घेतलेल्या गाडीचे काम फडात होते.

आणि फडात गाडी बसली म्हणजे एकट्या मालकाचे नुकसान होत नाही. मुकादमाला दिलेली उचल अंगावर, टोळीला खाडा, तोडलेला ऊस वाळतो, त्याचे वजन घटते, उतारा घटतो. ज्याचा ऊस वाळला त्या सभासदाने कोणाकडे बघायचे? ट्रकवाल्याचा हप्ता थकला की जामीनदाराच्या दारात बँकेचा माणूस, आणि जामीनदारही बहुधा आपलाच सभासद.

म्हणूनच संचालक मंडळास एक विनंती आहे. वाहतुकीचा करार करण्यापूर्वी जुन्या वाहनाची तपासणी कारखान्याच्या गॅरेजमधील फिटरकडून सक्तीची करावी. पावसाळ्यात या विभागाला कामही कमी असते. माफक फी घ्यावी आणि शेरा लेखी द्यावा. ज्यांना मुंबईकडे गाडी पाहायला जायचे आहे त्यांच्याबरोबर, जाण्या-येण्याचा आणि जेवणाचा खर्च घेणाऱ्याने केल्यास, एक फिटर दोन दिवसांसाठी द्यावा. काही मंडळी म्हणतील, हा कारखान्याचा विषय नव्हे. तोडणी-वाहतूक खर्च सभासदाच्याच बिलातून जातो, तेव्हा तो कारखान्याचाच विषय आहे. येत्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर हा ठराव घ्यावा, सूचक-अनुमोदक मिळतील.