मध सोडला, माशी मारली

मी मध खात नाही. माझ्या आईनं खाल्ला नाही, सासूबाईंनी खाल्ला नाही. वैद्यानं खोकल्याचं चूर्ण दिलं तर आमच्याकडे ते गुळाच्या पाकातून घेतात, नाहीतर तुपातून. हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचून एखादी म्हणेल, ही बाई बिघडली, हिला आता मध चाटायचा आहे. तसं काही नाही. व्रत माझं आहे आणि ते मी पाळते.

पण गेल्या वैशाखात गोडादऱ्याच्या आमच्या सोसायटीत एकाच आठवड्यात दोन गोष्टी झाल्या, आणि तेव्हापासून ‘आम्ही तर मधसुद्धा खात नाही’ हे वाक्य कुणी बोललं की मला बसवत नाही.

पहिली गोष्ट. गच्चीवरच्या टाकीखाली आग्या माश्यांचं पोळं होतं, चांगलं परातीएवढं. मुलं खाली खेळतात, भीती वाटणारच. आग्या माशी उठली तर माणसाचा जीवही जातो. कमिटीनं औषधवाला बोलावला. घरटी पन्नास रुपये. मीही दिले. रात्री फवारा मारला आणि सकाळी पार्किंगमध्ये काळा सडा पडलेला. काहींचे पाय अजून हलत होते. झाडणाऱ्या बाईनं दोन घमेली भरली. त्याच दुपारी खालच्या हॉलमध्ये पाठशाळा होती. विषय होता मद्य, मांस आणि मधाचा त्याग. मुलांनी हात जोडून पच्चक्खाण घेतलं. मोठ्यांपैकी एकाच्याही तोंडून सकाळच्या घमेल्यांबद्दल शब्द निघाला नाही. माझ्याही नाही.

आता हेही ऐका. आग्या माशी एका जागी कायमची राहत नाही. फुलोरा संपला, पावसाळा जवळ आला की पोळं सोडून आपोआप निघून जाते. दीड-दोन महिने गच्चीचं दार बंद ठेवलं असतं, तर बहुधा प्रश्न सुटला असता. आणि थांबणं शक्यच नसेल, तर जाणता माणूस रात्री धूर करून माश्यांना उठवतो, विष मारत नाही. असा माणूस शोधायला चार फोन करावे लागतात. आपण एक केला.

दुसरी गोष्ट. तळमजल्यावर एक ताई राहते, नंदुरबारकडची. तिचा भाऊ मधपाळ आहे. दीडशे पेट्या. पावसाळ्यात माश्यांना फुलं नसतात, धंदा बसतो. त्या चार महिन्यांसाठी त्याला मागची बंद खोली भाड्यानं हवी होती. रिकाम्या पेट्या ठेवायच्या, बायकोमुलांना जरा छपराखाली राहू द्यायचं, एवढंच. अर्ज आला. कमिटीत बहुतेक आपलीच माणसं. उत्तर मिळालं, ‘ही अहिंसक सोसायटी आहे, हिंसेचा धंदा इथं चालणार नाही.’ रजिस्टरमध्ये तसं लिहिलंसुद्धा आहे. त्याच पानावर वरच्या ओळीत औषधवाल्याचं बिल मंजूर केलेलं आहे. मी डोळ्यांनी पाहिलं.

ताई जिन्यात भेटली तर म्हणाली, ‘आमनं काय चुकनं वो बहिन?’ मला उत्तर सुचलं नाही.

अहो, आपण सगळे इथं आलो कसे? खानदेशातून, भुसावळ-सुरत गाडीनं, एक ट्रंक आणि दोन पिशव्या घेऊन. कुणी मार्केटात गाठी उचलल्या, कुणी साड्यांना लेस लावली. आपल्यालाही कुणीतरी खोली नाकारली होती. आणि आपण नाकारली कुणाला, तर जो वर्षाचे सहा-आठ महिने फुलामागे गाव बदलतो त्याला.

त्याचं काम काय असतं ते ताईकडून ऐकलं. पेट्या दिवसा हलवता येत नाहीत. अंधार पडून सगळ्या माश्या घरी आल्या की दार जाळीनं बंद करायचं आणि रातोरात ट्रक पुढच्या शेताला पोचवायचा. ट्रक वाटेत अडकला आणि ऊन चढलं, तर माश्या पेटीतच गुदमरून मरतात. तीळ, ओवा, मग राजस्थानात मोहरी. मुंग्या चढू नयेत म्हणून पेटीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या. मेणकिडा आणि वेडा राघू यांच्यावर सतत लक्ष. शेजारच्या शेतात न सांगता फवारणी झाली की संध्याकाळी पेटीसमोर तसाच सडा, जसा आमच्या पार्किंगमध्ये. कुठला शेतकरी म्हणतो, तुझ्या माश्या माझ्या पिकाचा रस पितात, भाडं टाक. तो भाडं टाकतो, खरं तर त्यालाच मिळायला हवं.

आणि एवढं करून मधाला भाव? दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेनं डिसेंबर २०२० मध्ये बाजारातल्या १३ ब्रँडांचा मध तपासून घेतला, तेव्हा बहुतेकांत साखरेचा पाक मिसळलेला निघाला. अशा बाजारात खऱ्या मधवाल्यानं भाव मागायचा कुणाकडे? गंमत म्हणजे पाक विकणारा व्यापारी आला असता तर आमच्या कमिटीनं त्याला खोली दिली असती. पाकात जीव नाही ना.

‘पण शास्त्रात लिहिलंय,’ असं म्हणाल. लिहिलंय. समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात मद्य, मांस, मधु यांचा त्याग श्रावकाच्या मूलगुणांत आहे. अमृतचंद्रांनी पुरुषार्थसिद्ध्युपायात तर आपोआप गळून पडलेला मधही वर्ज्य सांगितला. मी ते मानते. तेव्हा मध काढत कसा? पोळं पिळून, अंड्या-अळ्यांसकट. आज पेटीतली चौकट काढतात, यंत्रात फिरवतात, मध निघतो, पोळं परत जागेवर. सातारा जिल्ह्यातलं महाबळेश्वरजवळचं मांघर २०२२ मध्ये देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं, तिथं सातेरी माश्यांच्या अशाच पेट्या आहेत. म्हणून हे काम अगदी निर्दोष झालं, असं मी म्हणणार नाही. चौकट परत ठेवताना पाच-दहा माश्या चिरडतातच. त्यांचं साठवलेलं अन्न आपण काढून घेतो आणि वर साखरेचं पाणी पाजतो, हेही खरं. म्हणूनच मी खात नाही. पण माझ्या जिभेसाठी घेतलेला नियम मी दुसऱ्याच्या डोक्यावर कसा मारू?

आणि शास्त्रच काढायचं तर दशवैकालिकाचं पहिलं अध्ययन काढा, द्रुमपुष्पिका. साधूनं गोचरी कशी घ्यावी, तर भ्रमर फुलाला न दुखवता थोडा थोडा रस घेतो तशी. साधूसमोर आदर्श म्हणून जो जीव ठेवला, त्याला आपण पन्नास रुपये घरटी काढून मारलं.

बायांनो, आता आपल्या ओट्याकडे चला. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा, गाजर, मुळा नाही. मग उरतं काय? गिलकं, कारलं, काकडी, भोपळा, दुधी. सगळ्या वेली. यांचं नर फूल वेगळं, मादी फूल वेगळं. एकाचा पराग दुसऱ्यावर कुणी नेऊन टाकला नाही तर फळ धरतच नाही. दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं, त्याच्याकडे रात्री पतंग येतात. पण सकाळच्या गिलक्याच्या पिवळ्या फुलावर बघा कोण बसलेलं असतं. उन्हाळ्यातलं टरबूज-खरबूज त्यांचंच, तीळ-धन्यातही त्यांचा हात. जमिनीखालचं खाणाऱ्यांचं माशीवाचून थोडं तरी भागेल. आपलं जैन ताट तिच्या मजुरीवर भरतं. मधाचा थेंब टाळून आपला तिच्याशी संबंध संपला, असं समजणं हा निव्वळ अडाणीपणा आहे. ओठांना लावायच्या मलमात आणि लिपस्टिकमध्ये पुष्कळदा तिचंच मेण असतं. बाटली उलटी करून कधी वाचलंय? आणि पर्युषणात जी रेशमी साडी नेसून आपण प्रतिक्रमणाला बसतो, तिच्यासाठी हजारो कोष जिवंत किड्यांसकट उकळलेले असतात. रेशीमवाल्याला मात्र आपण शेठ म्हणतो.

मला एका काकूंनी सुनावलं, ‘तू आपल्याच लोकांना नावं ठेवतेस.’ ठेवते. परक्यांना ठेवून काय उपयोग?

ताईचा भाऊ यंदाच्या पावसाळ्यात डिंडोलीकडे एका पत्र्याच्या शेडमध्ये राहिला. निम्म्या पेट्या भिजल्या, लाकूड फुगलं. टाकीखाली पोळ्याचा मेणचट डाग अजून तसाच आहे, कुणी खरवडला नाही.

येत्या रविवारी सोसायटीची मीटिंग आहे. खोलीचा अर्ज पुन्हा द्यायचा ठरवलंय. ताईनं लिहून आणलाय, तिच्या सहीच्या वर माझी सही आहे, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या दोघीजणी करते म्हणाल्यात. पन्नास रुपये मी का दिले होते, हेही त्या मीटिंगमध्ये मला उभं राहून सांगावं लागणार आहे.