ज्युरीचं समन्स आलंय? मग जा!

अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं, मतदार म्हणून नाव नोंदवलं, की कधीतरी टपालात कोर्टाचं पाकीट येतंच. त्यावर ‘ज्युरी समन्स’ असं वाचलं की छातीत धस्स होतं. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे ऐकतच आपण वाढलो. लगेच मित्रांना फोन जातो: यातून सुटायचं कसं?

माझं कळकळीचं सांगणं आहे, सुटू नका. ती म्हण भांडायला जाणाऱ्यांसाठी आहे. तुम्हाला बोलावलंय ते न्याय करायला.

तुमच्यावर कुणाचा संशय नाही. मतदारयाद्या आणि बऱ्याच ठिकाणी ड्रायव्हिंग लायसन्सच्या याद्या यांतून चिठ्ठी टाकल्यासारखी नावं निघतात. फेडरल कोर्टात ज्युरर व्हायला नागरिकत्व लागतं, वय किमान 18, त्या भागात वर्षभराचं वास्तव्य आणि कामापुरतं इंग्रजी. आपले उच्चार मराठी वळणाचे आहेत म्हणून संकोच नको.

लायसन्सच्या यादीमुळे ग्रीन कार्डवाल्यांनाही कधी समन्स येतं. त्यांनी पाकीट फेकून देऊ नये. ‘मी नागरिक नाही’ अशी खूण करून फॉर्म परत पाठवावा. नागरिक असल्याचं चुकूनही लिहू नका. तो खोटा दावा पुढे फार महाग पडतो.

घरात आजारपण आहे, भारताची तिकिटं काढली आहेत, तर तसं कळवून तारीख पुढे मागा. बहुतेकदा मिळते. गप्प मात्र बसू नका. फेडरल समन्स टाळलं तर हजार डॉलरपर्यंत दंड आणि तीन दिवसांपर्यंत कैद होऊ शकते. फेडरल ज्युरीवर गेल्याबद्दल मालक कामावरून काढू शकत नाही, तसा कायदाच आहे. तिथला भत्ता रोजचा 50 डॉलर. राज्यांच्या कोर्टांत बहुधा त्याहून कमी. ‘ज्युरीला आला नाहीत, आत्ता फोनवर दंड भरा’ असं कुणी दरडावलं, तर तो भामटा समजा आणि फोन ठेवा.

तिथे गेल्यावर आधी नुसतं बसून राहावं लागतं. एखादं पुस्तक न्या. मग काही जणांना कोर्टात नेतात आणि शपथेवर प्रश्न विचारतात: काम काय करता, घरात कुणी पोलिसात आहे का, तुम्ही कधी गुन्ह्याचे बळी ठरलात का. ज्याचं मन आधीच कुठे झुकलेलं दिसतं, त्याला न्यायाधीश वगळतात. शिवाय वकिलांना ठरावीक संख्येने माणसं कारण न देता वगळता येतात. मात्र वंशावरून कुणाला वगळायचं नाही असं सर्वोच्च न्यायालयाने 1986 मध्ये बजावलं आणि 1994 मध्ये स्त्री-पुरुष भेदालाही तोच नियम लावला. वगळलं तर तो अपमान समजू नका. सुटण्यासाठी ‘माझं मत आधीच ठरलंय’ असं खोटं सांगू नका. खरंच तसं असेल, तर मोकळेपणाने सांगा. चारचौघांत बोलणं अवघड वाटलं, तर न्यायाधीशांशी बाजूला बोलू द्या म्हणावं.

निवड झाली, तर जे कोर्टात ऐकाल त्यावरच विचार करा. इंटरनेटवर शोधायचं नाही, घरी नवऱ्याशी-बायकोशीही बोलायचं नाही. गंभीर फौजदारी खटल्यात दोषी ठरवायला साऱ्या ज्युरीचं एकमत लागतं. 2020 पासून कुठल्याच राज्याला यात सूट नाही. मोठ्यांपुढे बोलू नये, चारजण म्हणतील तसं करावं, ही आपली सवय तिथे बाजूला ठेवा. तुमच्या मनात रास्त शंका उरली असेल, तर बाकीचे अकरा एकीकडे असले तरी तसं सांगणं हेच तुमचं काम आहे.

भारतात 1973 च्या फौजदारी संहितेने ज्युरी गेली, म्हणून आपल्याला हे परकं वाटतं. पण लोकमान्यांचा 1908 चा खटला आठवा. मुंबई हायकोर्टात नऊजणांची ज्युरी होती: सात युरोपियन, दोन पारशी. ‘केसरी’तले लेख मराठीत, आणि ज्युरीपुढे आली ती त्यांची इंग्रजी भाषांतरं. सात विरुद्ध दोन मतांनी टिळक दोषी ठरले आणि मंडालेला गेले. तेव्हा बहुमत पुरलं. त्या नऊ खुर्च्यांवर कोण बसलंय, यावर एका माणसाची सहा वर्षं ठरली.

आज तशाच एका खुर्चीवर बसायला तुम्हाला बोलावलंय. समोरचा आरोपी कदाचित तुमच्यासारखाच दुरून आलेला असेल, कदाचित मुळीच नसेल. दोन्ही वेळा त्याला नीट ऐकून घेणारं माणूस हवं असतं.

पाकीट फ्रिजवर पडलं असेल, तर आज जेवणं झाल्यावर उघडा. फॉर्म भरा. आणि ठरल्या दिवशी जा.