लंगडणाऱ्या घोड्याच्या खुराला बूट चढवा

माथेरानला दस्तुरी नाक्यावर आपली गाडी लावली की पुढे बरेच जण पायी जातात, नाहीतर घोड्यावर. पर्यटक, त्यांच्या बॅगा, हॉटेलचा किराणा, गॅसचे सिलिंडर, सगळं वर्षानुवर्षं घोड्यांच्या पाठीवरून डोंगरावर फिरत आलं आहे. वाटा जांभ्याच्या, खडीच्या, आणि काही ठिकाणी आता पेव्हर ब्लॉकच्या. अशा कडक जमिनीवर लोखंडी नाल घसरते आणि टापेचा दणका खुरातल्या हाडापर्यंत जातो. घोड्याच्या अंगाचं साठ टक्के वजन पुढच्या दोन पायांवर असतं, म्हणून दुखणं बहुतेक वेळा तिथेच सुरू होतं.

घोडेवाल्या बंधूंनो, विनंती तुम्हालाच आहे. घोडा पाय जपून टाकू लागला की त्या दिवशी खोगीर चढवू नका. डॉक्टरांना बोलवा, आणि ते येईपर्यंत त्याच्या खुराखाली मऊ आधार द्या.

दुखणं ओळखायला यंत्र लागत नाही. घोडा चालवून बघा. पुढचा दुखरा पाय जमिनीला टेकतो तेव्हा त्याची मान वर जाते, आणि चांगला पाय टेकताना खाली येते. उभा असताना एक पाय सारखा पुढे काढून ठेवत असेल, वळताना कचरत असेल, तर हात लावून बघा. एक खूर दुसऱ्यापेक्षा गरम लागतो का? खुराच्या वर, पायाच्या मागच्या बाजूला दोन बोटं ठेवली की नाडी लागते. निरोगी पायात ती जेमतेम कळते. ती ठणठण उडत असेल तर खुराच्या आत आग आहे, असं समजा.

आत काय होतं, तेही समजून घ्या. आपलं नख बोटाला जसं आतून घट्ट चिकटलेलं असतं, तसं खुराचं कवच आतल्या हाडाला बारीक पापुद्र्यांनी धरलेलं असतं. त्या पापुद्र्यांना सूज आली की सगळं वजन त्या दुखऱ्या जागेवर येतं. घोडा चंदीच्या पोत्यात तोंड घालून भरमसाट दाणा खातो तेव्हा हे होतं, फार लठ्ठ झाल्यावर होतं, घोडी व्याल्यावर वार अडकली तर होतं, आणि कडक रस्त्यावर फार राबवल्यानंही होतं. पकड सुटली की हाड आत फिरतं, खाली खचतं. मग तो घोडा पूर्वीसारखा चालेल याची खात्री राहत नाही. हंगामात एक दिवस घोडा बांधून ठेवायचा म्हणजे घरात त्या दिवसाचे पैसे नाहीत, हे मला कळतं. पण असा घोडा त्या दिवशी चालवला तर पुढचे कित्येक हंगाम हातचे जाऊ शकतात.

आता बुटांबद्दल. हे बूट रबरी तळाचे असतात, पट्ट्यांनी आवळता येतात आणि आत फोमची जाड गादी घालता येते. गादीमुळे वजन तळव्यावर पसरतं आणि दणका कमी बसतो. बूट बहुतेक अनवाणी खुरासाठीच केलेले असतात. नालेवर चढवले तर लोखंड त्यांना आतून कापतं. म्हणून नालबंदाकडून नाल काढून घ्या, आणि दुखऱ्या पायाची नाल तर एकेक खिळा सैल करत, न हिसकता काढायला सांगा. खूर तासून झाल्यावरच माप घ्या: सर्वांत रुंद जागेची रुंदी, आणि पुढच्या टोकापासून टाचेपर्यंतची लांबी. पुढचे खूर गोल, मागचे निमुळते, त्यामुळे पुढचा बूट मागे बसत नाही. चढवल्यावर पाय उचलून बूट हातानं पिळून बघा. गरगर फिरला तर तो सैल आहे. एकाच पायात जाड बूट घातला तर घोडा वाकडा उभा राहतो, म्हणून पुढच्या दोन्ही पायांत घाला.

बूट घालून विसरून जाऊ नका. सकाळ-संध्याकाळ काढा, खूर कोरून स्वच्छ करा, बूट वाळवा. आत खडा गेला किंवा टाचेवरची मऊ कातडी घासली तर नवीन जखम होते. पावसाळ्यात ओल राहिली तर खूर सडतो, वास मारतो.

विकतचे बूट महाग आहेत आणि हव्या त्या मापात लगेच मिळतील असं नाही. घोडा लंगडू लागला त्या रात्री घरचा उपाय करा. योगासनाच्या जुन्या चटईसारखा जाड फोम खुराच्या आकारात कापा, दोन-तीन थर तळव्याखाली ठेवा आणि चिकटपट्टीनं खुरालाच गुंडाळा. पट्टी खुराच्या वर केस सुरू होतात त्या रेषेवर चढू देऊ नका, तिथे आवळली तर रक्त अडतं. खाली पेंढा किंवा वाळू जाड पसरा.

शेकायचं की गार करायचं, हे मात्र स्वतः ठरवू नका. खिळा लागून आत पू झाला असेल तर डॉक्टर गरम पाण्यात पाय बुडवायला सांगतात. पापुद्र्यांची सूज असेल तर सुरुवातीलाच बर्फाच्या पाण्यात. बाहेरून दोन्ही घोडे सारखेच लंगडतात. दुखण्याची गोळीही मनानं देऊ नका. दुखणं दबलं की घोडा चालू लागतो आणि आतली पकड आणखी सुटते. हाच धोका बुटातही आहे. बूट घातल्यावर चाल सुधारली म्हणून त्याच दुपारी फेरीला काढणं, हा मला सर्वांत वाईट वापर वाटतो. आजारी किंवा जखमी जनावराला कामाला जुंपणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हाही आहे.

पर्यटकांनीही बसण्याआधी घोडा दहा पावलं चालताना बघावा. मान वर-खाली होत असेल तर दुसरा घोडा मागा, पण मालकाशी भांडू नका. जमलं तर ठरलेल्या फेरीचे पैसे त्याला द्या, म्हणजे घोड्याला तबेल्यात नेणं त्याला सोपं जाईल.

आणि घोडेवाल्यांच्या गटांनो, एकेकट्यानं बूट घ्यायची गरज नाही. आपल्या घोड्यांची मापं एका वहीत लिहा, सर्रास लागणाऱ्या दोन-तीन मापांचे जोड वर्गणी काढून आणा आणि नालबंदाकडे ठेवा. डॉक्टर लांब असतील तर पशुवैद्यकीय मदतीचा 1962 हा नंबर त्याच वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.